भांडलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता

ओट्यामागची भिंत ओली व्हायला लागली तेव्हा आप्पांनी काणाडोळा केला. मग पोपडे डाळीच्या डब्यावर पडायला लागले. पाहायला आलेले दोन मिस्त्री एकच बोलले, ओटा फोडावा लागेल. नेमकं तेच आप्पांना नको होतं. ओटा बायकोच्या उंचीचा, बुटका. ती गेल्यापासून भांडी तेच घासत, आणि त्यांची कंबर रोज तिची आठवण काढायची.

तिसरा कॉन्ट्रॅक्टर गोडबोल्या निघाला. ओटा न फोडता करतो म्हणाला. लेकीने फोनवर बजावलं, नुसत्या शब्दावर जाऊ नका, परवाना बघा, जुन्या गिऱ्हाइकांना विचारा. आईने झाडू घेतानासुद्धा दुकानदाराची उलटतपासणी केली असती.

परवाना खरा निघाला. त्याने दिलेल्या पत्त्यावर आप्पा गेले, तर त्या घरच्या बाईंनी इतकं कौतुक केलं की त्यांना शंकाच आली. पाण्याचा पेला तोंडाला लावून मान वर केली, तर भिंतीवर बाईंच्या लग्नाचा फोटो. नवरीशेजारी हाच गोडबोल्या, डोळे पुसत उभा.

"धाकटा भाऊ आहे," बाई ओशाळल्या. "पण काम खरंच चांगलं करतो हो."

आप्पा तडक त्याच्याकडे गेले. "बहिणीची साक्ष नको. ज्याच्याशी तुझं वाजलंय, त्याचा पत्ता दे."

ही बायकोची रीत. खूश माणूस दोन शब्दांत आटपतो, चिडलेला सगळं सांगतो, असं ती म्हणायची.

कॉन्ट्रॅक्टरने डोकं खाजवलं. पत्ता दिला आणि वर म्हणाला, "काका, जेवून जा. त्या आजी लवकर सोडत नाहीत."

आजींनी खरंच सोडलं नाही. न्हाणीघर गळत होतं, तर त्यांना या निमित्ताने सगळी फरशी नवी हवी होती. हा पठ्ठ्या एकेक जुनी फरशी अलगद काढून, धुऊन, पाइप बदलून पुन्हा जागच्या जागी बसवत राहिला.

"मी म्हटलं, फोड मेल्या. तर म्हणतो, धडधाकट वस्तूवर माझा हातोडा पडत नाही. मूर्ख कुठला."

"आता गळतं का?"

"गळायची काय बिशाद आहे? पण दिसतं तसंच ना, जुनं."

आप्पा इतके हसले की आजी आणखीच चिडल्या.

पुढच्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्टरने पलीकडच्या न्हाणीघरातून भिंत उघडून पाइप बदलला. ओट्याला ओरखडा नाही. निघताना म्हणाला, "काका, हा फारच बुटका आहे. तुम्हाला वाकावं लागतं. खालून उचलून देऊ का?"

"राहू दे. मी वाकेन."

संध्याकाळी लेकीने विचारलं, माणूस कसा निघाला?

"एका गिऱ्हाइकाने खूप शिव्या घातल्या त्याला," कंबर चोळत आप्पा म्हणाले. "म्हणून तर ठेवला."