गुलाबी पाणी येईपर्यंत

मित्रांनो, मला घर म्हणावं तर चाकं आहेत आणि गाडी म्हणावं तर इंजिन नाही. मी एक जुना कॅम्पर. पोटात पलंग, चूल, मोरी, बंब. पुढे एक आकडा. तो ट्रकला अडकवला की निघालं घर तळ्याकाठी! तिथले डास एवढे दांडगे, की एकदा चौघांनी मला उचलून सावलीत नेऊन ठेवलं. माझ्या मालकानं, ओरेस्टनं, टोपी काढून त्यांचे आभार मानले.

ओरेस्टची बायको पोलिना माझ्या चुलीवर पिरोही, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, उकडायची. वासानं शेजारचे तंबू रिकामे व्हायचे. खायचे तिचं आणि कौतुक करायचे माझं!

पण कॅनडातल्या आमच्या सस्कॅचेवानात उन्हाळा पाहुण्यासारखा येतो आणि चपला काढायच्या आत निघतो. हिवाळ्यात चिमणीतला धूरही गोठतो. सकाळी कुऱ्हाडीनं तोडून अंगणात रचावा लागतो. अशा थंडीत माझ्या नळ्यांत पाणी राहिलं तर त्या फुटतात आणि माझी रवानगी भंगारात. म्हणून पानं पिवळी पडली की ओरेस्ट सगळं पाणी काढून टाकतो, बंबाकडे जाणारा कॉक बंद करतो आणि न गोठणारं गुलाबी पाणी पंपानं नळ्यांत भरतो. नळातून गुलाबी धार आली की मी बिनघोर झोपतो.

यंदा ओरेस्ट आलाच नाही. उन्हाळ्यात त्याच्या खुब्याचा सांधा बदलला होता. न चाललास तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण तो एकदा पडला आणि घाबरला तो घाबरलाच. दिवसभर ओसरीवरच्या खुर्चीत बसून राही.

"विकून टाक तो डबा," एका सकाळी तो म्हणाला. "आता कोण जातंय तळ्यावर?"

डबा! मित्रांनो, माझा पत्रा न् पत्रा थरथरला.

गुलाबी पाण्याचे कॅन घेऊन पोलिना माझ्यात शिरली. जुनं पाणी तिनं काढलं. मग तिचा हात बंबाच्या कॉककडे गेला, थांबला आणि माघारी आला. तिनं पंप सुरू केला.

"आलं का गुलाबी?" ओसरीवरून आवाज आला.

"नाही रे अजून!"

"कॉक बंद केलास ना?"

"कुठला कॉक?"

"अगं, बंबाचा! सगळं त्याच्याच पोटात चाललंय!"

"तुम्ही बसा तिथंच, राजेसाहेब. मी दुसऱ्या कॅनमध्ये नळी घालते."

"दुसऱ्या? इतकी वर्षं काय डोळे मिटून बघत होतीस? थांब! कशाला हात लावू नकोस!"

खुर्ची करकरली. काठी टेकत, पुटपुटत ओरेस्ट अंगणात उतरला. मध्येच डगमगला. पोलिना दाराआड श्वास रोखून उभी होती, पण धावली नाही. माझ्या पायरीशी येऊन तो अडला. पायरी उंच. तो मागे वळणार, एवढ्यात मी दाराकडच्या टायरातली हवा सोडून दिली, फुस्स! पायरी वीतभर खाली आली. खोटं वाटतं? वाटू द्या.

ओरेस्ट आत आला. त्यानं कॉक फिरवला, नळ उघडला आणि काठी विसरून उभा राहिला. नळ खाकरला, थुंकला आणि गुलाबी धार लागली.

"बघ! याला म्हणतात काम."

"हो रे बाबा," म्हणत पोलिनानं तोंड फिरवून डोळे पुसले.

"आणि टायर बसलंय याचं. उद्या हवा भरायला मलाच यावं लागणार."

"मग? मला कुठं जमतंय?"

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाच. पण तुमच्या घरी एखादं माणूस खुर्चीत बसून राहिलं असेल, तर त्याच्यावर नुसती पांघरुणं घालू नका. त्याच्या हातचं काम त्याच्यासमोर थोडं बिघडवा. आणि ते उठून आलं, की चूक मुद्दाम केली होती, हे मेलात तरी सांगू नका.