चारिंगचं पिस्तूल

बिदोयने चौथं मॅगझिन तळहाताने ठोकून बसवलं आणि आठच्या आठ गोळ्या दुकानामागच्या वाळूच्या ढिगात रिकाम्या केल्या. एकही अडकली नाही. मग त्याने तीन वेगवेगळ्या डब्यांतल्या गोळ्या काढल्या. गोल नाकाच्या, चपट्या नाकाच्या, आणि एक डबा तर असा, की त्यातल्या पुंगळ्या चार-चारदा भरून काळ्या पडलेल्या. सगळ्यांची खिचडी करून त्याने पुन्हा मॅगझिनं भरली. पिस्तुलाने तीही मुकाट खाल्ली.

"आण इकडे," म्हणत त्याच्या बायकोने, चारिंगने, हात पुढे केला.

तिने तेच मॅगझिन घेतलं, त्याच गोळ्या भरल्या. तिसऱ्या बारालाच पुंगळी बाहेर पडता पडता पिस्तुलाच्या खिडकीत उभी अडकली, चुलीच्या धुराड्यासारखी.

"नवऱ्याच्या हातात गुणी बाळ, आणि माझ्या हातात आलं की नखरे," ती म्हणाली. "काय केलंयस याला?"

समुद्राकाठच्या या दानाव गावात दर तिसऱ्या घरात कुणी ना कुणी पिस्तुलाच्या कामातलं. हाताने घडवलेली दोन पिस्तुलं सारखी निघत नाहीत, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. एखादं पिस्तूल काय वाट्टेल ते खातं, एखाद्याला ठरावीक डब्यातलीच गोळी लागते. एखाद्याचं तीन नंबरच्या मॅगझिनशी जन्मात जमत नाही. लोक नेलपॉलिशने मॅगझिनांवर नंबर घालतात आणि एकेकाचा स्वभाव पोटच्या पोरांसारखा सांगतात: हा शहाणा, हा रुसका, याला शेवटची गोळी उचलायचा आळस.

चारिंगचं पंचेचाळीस बोअरचं पिस्तूल मात्र सर्वभक्षी. बिदोयने ते स्वतः घडवलं, लग्नाच्या सातव्या वर्षी, सोन्याच्या बांगड्यांना पैसे नव्हते म्हणून. त्या पिस्तुलावर तिने नेमबाजी क्लबचा जत्रेचा कप अकरा वेळा आणला होता. यंदाची जत्रा सहा आठवड्यांवर आली होती.

बिदोयने डोकं खाजवलं आणि आपली जुनीच खोडी काढली. तो खोड्यांसाठी गावभर बदनाम. एकदा क्लबच्या अध्यक्षाने भर सामन्यात ऐटीत कमरेला हात घातला तर म्यानातून पिकलेलं केळं निघालं, तेव्हा सगळ्यांनी एकदम बिदोयकडेच पाहिलं होतं. त्याची सगळ्यात आवडती खोडी म्हणजे कुणाच्या तरी मॅगझिनमध्ये गुपचूप एक खोटी गोळी घालायची. बार होत नाही, पण बाराच्या धास्तीने माणूस नळी खाली झुकवतोच. मग सगळी चांदमारी हसते.

त्याने मॅगझिन भरून दिलं. दुसरी गोळी खोटी. चारिंगने चाप ओढला. बार झाला नाही आणि नळी केसभरही हलली नाही.

"लाज वाटते का?" तिने मागे न बघताच विचारलं, खोटी गोळी काढून फेकली आणि पुढचा बार काढला.

यावेळी बिदोय नळीकडे बघत नव्हता. तो तिच्या मनगटाकडे बघत होता. ढिल्या बिजागरीसारखं ते मागे दुमडलं. पुंगळी अडकली.

पिस्तूल स्वतःच्या धक्क्यावर चालतं. धक्क्याला रेटायला मागे घट्ट हात लागतो. हातच त्याच्याबरोबर मागे गेला, तर वरची स्लाइड पुरती मागे जात नाही आणि पुंगळी दारातच अडकते. अर्धं पिस्तूल लोखंडाचं, अर्धं मनगटाचं, असं दानावमध्ये म्हणतात. नाताळापासून चारिंग त्याच्या पुढ्यात खारवलेल्या मासळीच्या बरण्या आणून आदळत होती, झाकण गंजलंय म्हणत. आणि तो झाकणं उघडून देत होता, एकाही झाकणाला गंज नव्हता तरी.

त्याने पिस्तूल तिच्या हातातून घेतलं, उजेडात धरलं, आत डोकावला आणि जीभ टाळ्याला लावून चक् केलं.

"माझीच चूक," तो म्हणाला. "पुंगळी ओढणारा आकडा मागच्या खेपेला मी जास्त घासला. वाकडा झालाय."

चारिंगने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं.

"बरं," ती म्हणाली आणि भात उतरवायला आत गेली.

आता एकदा थाप मारली म्हटल्यावर ती निभावणं आलं. बिदोयने आतली स्प्रिंग हलकी घातली, नरम बाराच्या गोळ्या स्वतः भरून दिल्या, नवा आकडाही बसवला. दोन आठवडे गाडी रुळावर होती. मग पुन्हा धुराडं. क्लबमध्ये कुणी विचारलं की चारिंगने तोंड उघडायच्या आत तो सांगायचा, की मीच बिघडवून ठेवलंय, आता डोळ्यांना पूर्वीसारखं दिसत नाही.

विनोद म्हणून सांगितलेली गोष्ट गावात विनोद म्हणून राहत नाही. आधी दोघं-तिघं आपापली पिस्तुलं परत घेऊन गेले, नंतर सावकाश बघू म्हणाले. मग तेबान आला. तेबान निवृत्त हवालदार, तोंडाचा फाटका, पण पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. त्याने मान खाली घालून आपलं पिस्तूल मागितलं. रखवालदार पुरवणाऱ्या एजन्सीची चाळीस पिस्तुलं दर जत्रेआधी साफसफाईला बिदोयकडे यायची. यंदा मालकाने निरोप धाडला, की विचार करतोय. बिदोयने त्या चाळिसांसाठी रिकामी केलेली फळी पुन्हा भरली नाही. कानसा मात्र रोज पुसून एका रांगेत मांडायचा.

चारिंगला खरं का सांगत नाहीस, असं त्याच्या धाकट्या भावाने एकदा विचारलं. बिदोयने कपाटाकडे बोट दाखवलं. तिथे तिचा क्लबचा शर्ट इस्त्री करून टांगलेला होता. रविवारच्या चांदमारीचा, आणि वार होता मंगळवार.

जत्रेचा सामना गावामागच्या जुन्या चुनखडीच्या खाणीत. मांडवात नारळाच्या पात्यांत शिजवलेल्या भाताचे पुडे लटकत होते, डुक्कर भाजून झालं होतं, आणि एजन्सीचा मालक पुढच्या बाकावर बसला होता. चारिंगचा नंबर लागला. नेमाच्या तीन लोखंडी पाट्या खणखणीत पडल्या. चौथ्या बाराला पुंगळी अडकली. तिने ती झटकली, पुढे गेली. पुन्हा अडकली. शेवटची पाटी पडेस्तोवर घड्याळाने तिला विसावी करून टाकलं होतं.

"नोंग बिदोय," तेबान मांडवातून दादा म्हणावं तशा आदराने म्हणाला, "पुढच्या वर्षी नांग चारिंगला झारा घडवून द्या. तो तरी अडकायचा नाही."

लोक हसले. सगळ्यात मोठ्याने बिदोय हसला. खरंय बाबा, तो म्हणाला, कानस धरायचा हातच गेला माझा. हे त्याने पार मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं. एजन्सीच्या मालकाने शेजाऱ्याच्या कानात काहीतरी म्हटलं.

चारिंगने पिस्तूल रिकामं केलं, पंचांना दाखवलं आणि त्यांच्याशी दोन शब्द बोलली. पंचांनी मान डोलावली. मग तिने डोक्यावरची टोपी काढली आणि मांडवात शिरली. प्रत्येकाने आपापल्या डब्यातली पंचेचाळीसची एकेक गोळी द्यायची, म्हणाली. देवळाची वर्गणी असल्यासारखी लोकांनी दिली. कुणी दुकानातली कोरी करकरीत, कुणी घरी भरलेली, कुणी खिशाच्या तळाशी विसरलेली. बत्तीस जमल्या. ती तेबानसमोर उभी राहिली आणि टोपी, चारही मॅगझिनं आणि रिकामं पिस्तूल त्याच्यापुढे ठेवलं.

"मार," ती म्हणाली.

बिदोय उठला.

"चारिंग, राहू दे. वाकडं आहे ते."

"बस खाली."

तेबानने मॅगझिनं भरली. एक नंबर संपलं, दोन नंबर संपलं. तीन नंबरच्या वेळी मांडवातली चघळणारी तोंडं थांबली होती. चार नंबर जुनं, ओठ चेपलेलं मॅगझिन, ते कुणाच्याच पिस्तुलात नीट चाललं नसतं. त्यातल्याही आठ गोळ्या सुटल्या. बत्तीस बार, बत्तीस पुंगळ्या जमिनीवर.

त्या मांडवातल्या प्रत्येकाच्या बापाने नाहीतर आजाने कधी ना कधी पिस्तूल घडवलेलं होतं. एकाच्या हातात चालतं आणि दुसऱ्याच्या हातात अडकतं ते का, हे त्यांना शिकवायला नको होतं. तेबानने स्लाइड उघडी ठेवून पिस्तूल दोन्ही हातांवर घेतलं आणि वाकून तिला परत दिलं.

"माझ्या नवऱ्याच्या कामाबद्दल आणखी कुणाला काही विचारायचंय?" चारिंगने विचारलं. तिने एजन्सीच्या मालकाकडे पाहिलं. त्याने भाताचा पुडा सोडायला घेतला.

बिदोय पुंगळ्या वेचायला बसला होता. बत्तीस पुंगळ्यांना इतका वेळ लागत नाही. बाकीचे जेवायला गेले तशी ती त्याच्याजवळ येऊन दगडावर टेकली.

"कधी कळलं तुला?" त्याने मातीकडे बघत विचारलं.

"तू चूक कबूल केलीस तेव्हा. अडतीस वर्षं संसार केलाय. भात करपला तर चुलीची चूक, छप्पर गळलं तर पावसाची."

"फार झालं का ते?"

"अतीच. निदान थोडं भांडायचंस तरी."

तो हसला नाही. तिने उजवं मनगट डाव्या हातात धरलं होतं, आजारी कोंबडी धरावी तसं. खाणीपलीकडे समुद्र दिसत होता आणि जत्रेचा बँड चालीत चुकत होता.

"आता रविवारी मी काय करू?" ती म्हणाली.

बिदोयने खिशातल्या पुंगळ्या वाजवल्या. वाळूच्या ढिगात पिस्तूल चालवून बघणं वेगळं आणि नेम वेगळा. उभ्या आयुष्यात तो एकदाच सामन्यात उतरला होता, तेव्हा त्याच्या सगळ्या गोळ्या शेजारच्या पाट्यांना लागल्या होत्या आणि शेजारचा बक्षीस घेऊन गेला होता.

"मला शिकव," तो म्हणाला.

"तू या जन्मात शिकायचा नाहीस."

"तेच म्हणतोय मी. मला कुठे घाई आहे?"

चारिंगने पिस्तूल रिकामं असल्याची पुन्हा खात्री केली, ते त्याच्या हातात दिलं, त्याला उठवून उभं केलं आणि मागे जाऊन त्याच्या पायांकडे बघितलं.

"कोपर खाली," ती म्हणाली.