तीन थरांचा ग्लास

बोळकांडीतला पडदा खांद्यानं सारून धाकटीनं ट्रे फ्रीजवर टेकवला आणि ग्लासातला वरचा गोळा चमच्यानं उचलून सरळ तोंडात टाकला. दात शिरशिरले, पण थांबायला सवड कुठली! गोळा एका अंगाला कलला होता, सिरप काचेवरून बाहेर ओघळलं होतं, आणि मधला थर कुठं सुरू होतो नि कुठं संपतो ते देवालाच ठाऊक. तिनं तो सगळा ऐवज चार घासांत पोटात ढकलला, फ्रीजमधून दुसरा गार ग्लास नि जादाचे डबे काढले आणि भराभर नवा रचला. तळाला सिरप, त्यावर व्हॅनिला, मग बदामाचा चुरा, मग स्ट्रॉबेरी, वर चॉकलेटचा गोळा. वेफर अगदी शेवटी, नाहीतर मऊ पडतो.

पार्टिशनच्या पलीकडून आवाज आला.

"गेला का गं ग्लास?"

"निघालाच, अक्का."

हाताच्या पाठीनं ओठ पुसून ती बाहेर गेली, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर ग्लास असा ठेवला की जणू आतूनच तसा आला असावा.

अक्का म्हणजे तिची थोरली जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, एकामागोमाग एक गेले. मागे राहिलं ते हे दुकान, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि दोघी एकमेकींना. दुकान सासऱ्यांनी थाटलेलं. माणूस तऱ्हेवाईक. कुणी साधं आइस्क्रीम मागितलं तरी विचारायचे, "बसून खाणार, उभ्यानं खाणार, की भांडून खाणार?" आणि उत्तराप्रमाणे भांडं काढायचे. साधा गोळा स्टीलच्या बुटक्या वाटीत, कारण वाटी गार राहते. कसाटाचा काप सपाट बशीत, आणि तोही गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीनं कापलेला, म्हणजे रंगांच्या रेघा फिसकटत नाहीत. केळ्याची होडी लांबट काचेच्या ताटलीत, केळं मात्र गिऱ्हाईक खुर्चीत टेकल्यावरच सोलायचं. सोड्यात गोळा टाकायचा तर आधी सोडा, मग गोळा. उलट केलंत की टेबल पुसत बसा. दोन वेफरांतली वडी पोरांच्या हातात द्यायची, ताटली द्यायची नाही, कारण ओघळलेलं चाटण्यातच तिची खरी मजा. आणि तीन थरांच्या ग्लासाला लांब दांड्याचा चमचा. भांडं चुकलं की पदार्थ पोरका होतो, असं ते म्हणायचे.

त्यांचा एक नियम तर साऱ्या घराला पाठ होता. करणाऱ्यानं नेऊ नये, नेणाऱ्यानं करू नये. करणारा बाहेर गेला की कौतुक ऐकतो, आणि कौतुक कानात शिरलं की हात सैल पडतो. भांडी मात्र करणाऱ्यानंच विसळायची, म्हणजे तळाशी काय उरलं ते त्याला कळतं. थोरली सून आधी आली, तिच्या हाती स्कूप गेला. धाकटी आली तेव्हा ट्रे तेवढा उरला होता. संपला विषय. अक्कांनी आयुष्यात किती गोळे काढले असतील त्याला गणती नाही, पण पहिला चमचा तोंडात गेल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आणि धाकटीनं असे चेहरे रोज पाहिले, पण गोळा काही काढला नव्हता.

काय दिवस होते ते! परीक्षांचे निकाल लागले की जिन्यापर्यंत रांग. आतून अक्का ग्लास सरकवायच्या, धाकटी उचलायची, आणि दोघींच्या मध्ये एक शब्द लागायचा नाही. अक्कांच्या हातचा गोळा असा काही उभा राहायचा की मोडायला जिवावर यावं. ट्रे घेऊन जाताना धाकटीला त्याचा हेवा वाटायचा. चांगलाच वाटायचा. बायकोची हौस ओळखून नवऱ्यानं एकदा वडिलांकडे विषय काढला होता. सासरे म्हणाले, "तिचं हसणं बाहेर कामाला येतं, आत वाया जाईल." झालं, कौतुकही झालं आणि दारही बंद झालं.

मग मागच्या वर्षी अक्कांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हलकंच होतं, चार दिवसांत घरी आल्या, बोलणं-चालणं पूर्ववत. हात मात्र पहिल्यासारखा आला नाही. दूरच्या शहरातल्या लेकीनं फोनवरून लकडा लावला, आई, माझ्याकडे ये. अक्कांनी तिला सांगितलं ते धाकटीनं शेजारी उभं राहून ऐकलं.

"हात चालतोय तोवर मी इथं. हात थांबला की तुझ्याकडे. दुकानात शोभेची बाहुली होऊन बसायची नाही मला."

त्या दिवसापासून धाकटीनं बोळकांडीत हा उद्योग मांडला होता. कललेला गोळा गिऱ्हाइकापुढे गेला असता, कुणीतरी बोललं असतं, आणि अक्कांच्या कानावर जाताच त्यांनी बॅग भरली असती. मग वरच्या दोन खोल्यांत धाकटी एकटी.  मोडका माल टाकून द्यावा तर केराच्या डब्यात दिसणार; म्हणून पुरावा पोटात. आणि खरं सांगायचं तर तिला त्यात गंमतही वाटू लागली होती. चोरून का होईना, स्कूप हातात आला होता. आपला गोळाही उभा राहतो हे पाहून ती कधीकधी बोळकांडीत एकटीच हसायची, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

पण पुरावा कुठंतरी बोलतोच. गेल्या महिन्यात चक्कर आली म्हणून डॉक्टरकडे गेली, तर साखर वाढलेली. अक्का सोबत होत्याच.

"गोड खाता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो. धंदाच गोडाचा, तोंडाला नकोसं झालंय."

अक्का भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिल्या. 

त्यानंतर एक नवीनच काळजी सुरू झाली. आतून येणारे ग्लास आधी नुसते वाकडे असायचे, आता अर्धे येऊ लागले. तळाला सिरपची रेघ, दोन चमचे व्हॅनिला, वर लिंबाएवढा गोळा. कसाटाचा काप पापडासारखा पातळ.  हात गेला तो गेला, आता नजरही दगा द्यायला लागली की काय? अक्कांच्या लेकीचा फोन आला आणि ती खडा टाकून पाहायला लागली.

"काकू, खरं सांग. आईला जमतंय ना?"

"झकास जमतंय. मला मेलीला धावपळ सोसत नाही, तीच पुरून उरते," धाकटीनं ठोकून दिलं.

त्या दुपारी मागचं दार वाजलं. गल्लीतून उघडणारं हे दार थेट पार्टिशनमागच्या, अक्कांच्या कामाच्या खोलीत यायचं. दारात शिंपीकाका उभे. समोरच्या गाळ्यात त्यांचं दुकान होतं, बंद करून मुलाकडे राहायला गेले त्याला कितीतरी वर्षं झाली. पूर्वी दर रविवारी बायकोला घेऊन यायचे.

"पुढच्या पायऱ्या चढवत नाहीत," काका म्हणाले. "गुडघे रुसलेत. इथंच बसलो तर चालेल का?"

"अहो, इथं कुठं! इथं उकडतंय. बाहेर पंखा आहे, मी हात देते," धाकटी पुढे झाली.

"बसू दे गं त्यांना," अक्का म्हणाल्या. "काय देऊ?"

"तुमचा तीन थरांचा. दुसरं काय?"

 मध्ये बोळकांडी नाही, पडदा नाही. अक्का करणार आणि काका समोर बसून पाहणार. तिनं उगाच फडकं उचललं, उगाच ओटा पुसू लागली.

अक्कांनी ग्लास काढला. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि स्कूप डब्यात रोवला. वेळ लागला. सिरप पडलं, व्हॅनिला पडलं, चुरा थोडा बाहेर सांडला, स्ट्रॉबेरी काचेला घासत खाली गेली. वर गोळा बसवला तो कललाच. त्याला वेफरचा टेकू देऊन त्यांनी ग्लास काकांपुढे सरकवला.

काकांनी मान तिरकी करून ग्लासाकडे पाहिलं.

"कललाय जरा."

धाकटीचं फडकं ओट्यावर जागीच थांबलं.

"कललाय खरा," अक्का म्हणाल्या. "हात पूर्वीचा राहिला नाही."

"मग मला शोभतो. मीही हल्ली तिरकाच चालतो." काकांनी चमचा घातला आणि डोळे मिटले. "हिला बदामाचा चुरा आवडायचा. माझ्यातला काढून घ्यायची," ते म्हणाले. मग उरलेला ग्लास तळापर्यंत संपवला. निघताना दारात थांबून म्हणाले, "परत येईन."

अक्कांचा चेहरा शांत होता. लाज नाही, रडू नाही, बॅगेचं नाव नाही. पण धाकटी भलत्याच गोष्टीवर अडकून पडली होती. काकांचा ग्लास काठोकाठ भरला होता. चमचाभरही कमी नव्हता.

बाहेरच्या घंटीनं ती भानावर आली. एक तरुण जोडपं येऊन बसलं होतं, दोघांची तोंडं दोन दिशांना. मुलानं एक तीन थरांचा ग्लास आणि दोन चमचे मागितले. मुलगी मेनूकार्ड वाचत राहिली, जणू त्यात पुढचा जन्म लिहिला होता. धाकटीनं आत येऊन सांगितलं. अक्कांनी ग्लास भरला आणि सरकवला. तळाला सिरपची रेघ, वर लिंबाएवढा गोळा.

धाकटीनं ट्रे उचललाच नाही.

"अक्का, हा अर्धाच आहे."

"हो."

"आत्ता काकांना तर पूर्ण भरून दिलात."

अक्कांनी स्कूप पाण्यात बुडवला, झटकला.

"त्यांना साखर नाही," त्या म्हणाल्या.

 धाकटीचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवलेही नाहीत.

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. भांडी कोण विसळतं इथं? सिरप तू काठानं सोडतेस, मी मधोमध. काचेवर रेघ राहते." त्यांनी काचेवर बोटानं रेघ ओढून दाखवली. "तुझे ग्लास चाटूनपुसून परत यायचे. मला बरं वाटायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू सोडलं असतंस. इतक्या वर्षांनी तुला करायला मिळत होतं." अक्कांनी हातातला स्कूप ओट्यावर ठेवला. "सासरेबुवांपुढे तेव्हा मी चार शब्द तुझ्या बाजूनं बोलायला हवे होते. नाही बोलले."

"आणि लेकीकडे?" धाकटीनं कसंबसं विचारलं.

"तिच्या घरी कुठं तीन थरांचा ग्लास मिळतो," अक्का म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. "ये इकडे. स्कूप घे. बाहेर पोरं ताटकळलीत."

धाकटी अक्कांच्या जागी उभी राहिली. त्या जागेवरून डबे जवळ वाटत होते, दिवा डोक्यावर होता. तिनं ग्लास रचला. घाई केली नाही. गोळा बसला, उभा राहिला. वेफर खोचून तिनं सवयीनं ट्रेकडे हात नेला, तर ट्रे तिथंच राहिला आणि ग्लास अक्कांनी डाव्या हातात उचलला होता. दोन चमचे उजव्या मुठीत, छातीशी धरलेले.

"अहो, सांडेल."

"सांडलं तर पुसीन."

आणि त्या पडद्याआड गेल्या.

धाकटी वाट पाहत उभी राहिली. काही फुटल्याचा आवाज आला नाही. घंटी पुन्हा वाजली, कुणीतरी दारातूनच कसाटा मागितला. तिनं सुरी गरम पाण्यात बुडवून काप काढला, बशीत ठेवला. तरी अक्कांचा पत्ता नाही. शेवटी तिनंच बोळकांडीतून डोकावलं.

अक्का शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढून बसल्या होत्या. हात मांडीवर, नजर त्या दोघांवर. मुलीच्या चमच्यावर बदामाचा चुरा होता, मुलगा काहीतरी पुटपुटत होता, आणि ती हसू येऊ नये म्हणून ओठ दाबत होती.

"अक्का," धाकटी कुजबुजली, "कसाटा न्यायचाय."

अक्कांनी मान न वळवता हातानंच तिला थोपवलं.

"थांब गं. आत्ता कुठं बोलायला लागलीत."