मलिक यागमुरचं नाव

तूतगडावर यागमुरच्या घराण्याने नऊ पिढ्या राज्य केलं. दहावा तो. सुलतानाच्या फौजेने गड घेतला आणि मलिक यागमुर दमास्कसच्या एका गल्लीत, सुलतानाच्या मेहेरबानीवर दिवस काढू लागला.

चार वर्षांनी बाजारात त्याने एका म्हातारीचे जर्दाळू चाखून नाक मुरडलं. म्हातारी उसळली, "नाक काय मुरडता? तूतगडाखालचे आहेत! आमच्या ऐनतूत गावात अजून दर जुम्म्याला जुन्या मलिकासाठी दुआ मागतात."

पिराच्या दर्शनाचं निमित्त सांगून यागमुरने सुलतानाची परवानगी काढली आणि खेचरावरून सहा दिवसांनी तो ऐनतूतला पोचला. मशिदीत मागच्या रांगेत बसला. म्हातारे खतीब हारिस प्रवचनाच्या शेवटी म्हणाले, "अल्ला आमच्या मलिक यागमुरला उदंड आयुष्य देवो, घरी आणो." ते नाव या डोंगरातल्या बोलीत ऐकताना त्याचा ऊर भरून आला.

बाहेर आल्यावर लोक खतीबांना गळ घालू लागले. "पुढच्या जुम्म्याला सुलतानाचा अंमलदार येतोय, बाबा. दुआतलं नाव बदला, सुलतानाचं घ्या, नाहीतर गाव जाळतील."

"ज्याचं मीठ खाल्लं त्याचंच नाव घेणार. मलिकाने सांगितलं तरच बदलेन."

यागमुर पुढे झाला. "मग मलिकच सांगतोय."

"चल, हट! मलिक असा फाटका असतो होय?"

"माझ्या सुंतेच्या दिवशी तुम्ही मला खांद्यावर घेतलं होतं. मी दाढी ओढली, तर तुम्ही मला थेट हौदात सोडलंत."

हारिसांना दिसत कमी होतं. त्यांनी त्याचा चेहरा चाचपला आणि ते रडू लागले. "इतकी वाट पाहिली रे तुझी! आणि तू हे सांगायला आलास?"

"हुकूम आहे, बाबा. माझा शेवटचा."

तो आठवडाभर थांबला. पुढच्या जुम्म्याला अंमलदार पहिल्या रांगेत होता. हारिसांनी सुलतानाचं नाव कसंबसं उच्चारलं. मशीद गप्प. मागून एकट्या यागमुरचा आवाज आला, "आमीन." मग सगळे म्हणाले.

निघताना तो ओढ्यापाशी थांबला. समोर गड होता. त्याच्या आईच्या खिडकीत कुणाचे तरी कपडे वाळत होते. ऊन कलेपर्यंत तो बघत राहिला. मग खेचराचं तोंड त्याने दमास्कसकडे वळवलं.