एकोणिसाव्या पानावरचा अ

पितृत्व ही निसर्गातली सर्वांत उदात्त जबाबदारी आहे. निदान बेट्टा माशांच्या पैदाशीवरच्या त्या बत्तीस पानी पुस्तिकेचं पहिलं वाक्य तसं होतं. फक्त तिथे ‘पित्तृत्व’ छापलं होतं, त्यामुळे जबाबदारी उदात्त कमी आणि जळजळीची जास्त वाटत होती.

वेलांटीकाकांनी जास्तीचा त लाल पेनाने उडवला आणि पुढे वाचायला घेतलं. छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासून ते निवृत्त झाले होते. हे नाव त्यांना तिथेच चिकटलं. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी सुनेचे ऑफिसातले निरोप तपासायला सुरुवात केली. तेव्हा मुलाने घाईघाईने काचेची एक टाकी आणि झुपकेदार शेपटीचा एक निळा नर आणून त्यांच्या खोलीत ठेवला. माशाला व्याकरण नसतं. घरात शांतता झाली. पुढे माशांच्या दुकानदाराने एक मादी दिली, सोबत ती पुस्तिका दिली, आणि काका कामाला लागले.

त्याच आठवड्यात मुलगा त्यांच्या पलंगाच्या कडेवर येऊन बसला. तो कडेवर बसला की बातमी वाईट असते, हे काकांना त्याच्या दहावीपासून माहीत होतं. ऑफिसचं काम आता घरूनच करायचं आहे, वेगळी खोली लागेल, आणि गावाबाहेर एक चांगला वृद्धनिवास आहे, बाग आहे, वाचनालय आहे, असं त्याने सगळं एका दमात सांगितलं. शेवटी म्हणाला, “बाबा, तिकडे तुमच्या वयाची माणसं आहेत.”

“माझ्या वयाचा मी आहे की इथे,” काका म्हणाले.

मुलगा हसला नाही. मग काकांनी टाकीकडे बोट दाखवलं. नराने पाण्यावर बुडबुड्यांचं बांधलेल्या फेसाच्या घरट्यात त्याच सकाळी अंडी पडली होती. पिल्लं सहा आठवड्यांची होईपर्यंत टाकी जागची हलवता येत नाही, झाकण उघडं टाकता येत नाही, पाण्यावरची हवा गार झाली तर ती श्वास घ्यायला शिकण्याआधीच मरतात. हे सगळं पुस्तिकेत होतं, आणि खरंही होतं. मुलाने बायकोकडे पाहिलं. तिने दारातूनच सांगितलं, “ठीक आहे, पिल्लं मोठी होईपर्यंत.” सुटकेसारखं काहीतरी दोघांच्याही तोंडावर दिसलं, ती कुणाची सुटका, हे काकांनी विचारलं नाही.

म्हणजे पिल्लं जगतील तोवर खोली काकांची. त्यांनी छापखान्यात कुठल्या महाग ग्रंथासाठीही घेतली नव्हती एवढी काळजी घेतली. मादी वेगळ्या बरणीत काढली. पाण्याचं तापमान सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर ठेवलं. पिल्लांना खायला सूक्ष्म जीव वाढावेत म्हणून खिडकीत कोबीचं पान पाण्यात कुजत घातलं. त्याचा वास स्वयंपाकघरापर्यंत गेला तेव्हा सून म्हणाली, “बाबा, पिल्लं जगतील, आपलं सांगता येत नाही.”

आणि तो नर! अंडं निसटून खाली आलं की तो सूर मारायचा, तोंडात झेलायचा आणि परत फेसात नेऊन ठेवायचा. खाणं नाही, विसावा नाही. काका खुर्ची ओढून बघत बसायचे. दोन दिवसांनी अंड्यांतून शेपट्या लोंबू लागल्या. टाकीवर काकांनी कागदाची चौकट धरली, एका चौकोनातली पिल्लं मोजली, गुणाकार केला. साधारण नव्वद.

पाचव्या दिवशी पिल्लं आडवी पोहू लागली, म्हणून त्यांनी एकोणिसावं पान उघडलं. तिथे छापलं होतं: ‘पिल्ले आडवी पोहू लागल्यावर नराला टाकीत राहू देणे अयोग्य.’

काकांनी चष्मा पुसून ते परत वाचलं. हे वाक्य त्यांना आवडलं नाही. इतके दिवस राबला, आता पोरं हिंडू-फिरू लागली तर बापाला बाहेर काढा? शिवाय सहाव्या पानावर ‘टाकीतले पाणी नेहमी अस्वच्छ असावे’ असं छापलेलं त्यांनीच पकडलं होतं आणि तो अ उडवला होता. दुकानदारही म्हणाला होता, “काका, तुम्ही नसता तर आम्ही गटारात मासे पाळले असते.” म्हणजे या छापखान्याला अ जास्त लावायची खोड होती. आतापर्यंत सतरा चुका सापडल्या होत्या. ही अठरावी.

धंद्याचा नियम होता की शंका असेल तिथे दुरुस्ती करायची नाही, समासात प्रश्नचिन्ह टाकायचं आणि लेखकाला विचारायचं. काकांनी तो चौतीस वर्षं मोडला नव्हता. त्या दिवशी त्यांनी अ वर लाल रेघ मारली, समासात काढून टाकायची शेपटीवाली खूण केली, वाक्य मोठ्याने वाचलं. राहू देणे योग्य. कानाला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चौकटीचा गुणाकार पन्नासवर आला. हात हलला असेल. तिसऱ्या दिवशी गुणाकाराची गरज पडली नाही, अकरा होती. नर पिल्लांमधून सावकाश फिरत होता. एक पिल्लू त्याने तोंडात घेतलं. घरट्यात नेणार, काकांना वाटलं. ते थांबले. मग त्याने दुसरं घेतलं. काका काचेला नाक लावून तो तोंड उघडायची वाट बघत राहिले. त्याने तोंड उघडलं ते तिसऱ्यासाठी.

जाळी शोधून त्यांनी त्याला बरणीत काढलं तेव्हा चार पिल्लं उरली होती. संध्याकाळपर्यंत तीही तळाला गेली. बहुधा काकांनी घाईत झाकण उघडंच टाकलं होतं.

पुस्तिका घेऊन ते दुकानात गेले. दुकानदाराने लाल खूण पाहिली, मग काकांकडे पाहिलं. “हे बरोबरच छापलं होतं की. पोहायला लागलं की त्याच्या लेखी ते पोर नसतं, खाणं असतं. तुम्ही एक फोन करायचा होता, काका.”

काकांनी घरी येऊन लपवाछपवी केली नाही. जेवताना सांगितलं, “चूक माझी.” हे दोन शब्द त्यांनी त्या घरात पहिल्यांदाच उच्चारले होते. त्यावर काहीतरी व्हायला हवं होतं. मुलगा म्हणाला, “होतं असं, बाबा,” आणि पाण्याचा जग त्यांच्या बाजूला सरकवला. जेवण झाल्यावर त्याने वृद्धनिवासाचा अर्ज आणून दिला. अर्जात ‘वृद्ध’ दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी छापलं होतं. काकांनी सही केली आणि पेन परत दिलं.

एक तारखेला ते गेले. दुकानदाराने नर आणि मादी दोन्ही परत घेतले. मुलाच्या ऑफिसने पंधरवड्यात विचार बदलला आणि सगळ्यांना पुन्हा रोज हजर व्हायला सांगितलं.

खोलीत सध्या कपडे वाळत घालायचा स्टँड असतो.