भाकड म्हशीची धार

निवृत्त ग्रंथपाल जोतीरामांना त्या रविवारी सकाळी पडद्यावरच्या माणसाचा गळा धरावासा वाटला. असलं काही आपल्या मनात यावं याची त्यांना लगेच शरमही वाटली. पण तो माणूस अठरा मिनिटं म्हशीची धार काढत होता. त्याआधी अर्धा तास नुसती भिंत दाखवली होती. भिंतीवर एक पाल होती, तीही कंटाळून निघून गेली.

कोल्हापुरातल्या त्यांच्या फिल्म सोसायटीचा एक नेम होता. चित्रपट संपला की जुन्या सभासदानं उठून दोन शब्द बोलायचे, मगच चहा. अकरा वर्षं हे काम जोतीरामांकडे होतं आणि अकरा वर्षं ते खोटं बोलत आले होते. कळलं नाही तर दोष आपल्याच बुद्धीचा, असं धरून ते ‘लय’ म्हणायचे, ‘अवकाश’ म्हणायचे आणि घामेजून खाली बसायचे. आज मात्र ते घरूनच ठरवून आले होते. पटलं नाही तर तसं सांगायचं. सत्तरी आली, एकदा तरी खरं बोलायचं.

शेजारी त्यांचा मेव्हणा केरबा बसला होता. राधानगरीकडचा, गोठ्यात सहा म्हशी. बहिणीला भेटायला आला होता, सिनेमा म्हटल्यावर दाजींच्या मागोमाग निघाला.

“दाजी, ही भाकड हाय,” केरबा म्हणाला.

“कोण?”

“म्हस. कास बघा की, पार वाळलीया. चरवीत आवाज न्हाय, फेस न्हाय. आन् आदी रेडकू न सोडता कोण बसतंय धारंला?”

“हळू बोल, केरबा.”

“मी हळूच बोलतोय. त्यो बाबा कवाधरनं नुसतं सड वडतोय. आमच्यात असती तर एका लाथंत त्येला उकिरड्यात घातला असता.”

पुढची काही माणसं वळून बघू लागली. जोतीरामांनी मात्र आता त्या वाळलेल्या कासेकडे नीट पाहिलं आणि त्यांना किळस आली. म्हणजे इतका वेळ कंटाळा आला तोही खोट्या धारेचाच होता तर.

दिवे लागले. पुण्याहून आलेले दिग्दर्शक उदयसिंह श्रमाच्या सत्याबद्दल वीस मिनिटं बोलले. मग जोतीराम उठले.

“मला चित्रपट आवडला नाही,” ते म्हणाले. “किळस आली. म्हैस भाकड होती आणि धार खोटी होती.”

जोतीरामांना वाटलं, झालं एकदाचं.

उदयसिंह हात जोडून उभे राहिले. “किळस. नेमका शब्द. भाकड म्हैस मी मुद्दाम शोधून आणली. आजवर एकाही समीक्षकाला हे मर्म सापडलं नव्हतं.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. “तसं नाही, मला खरंच...” हे जोतीरामांचं वाक्य त्यात बुडून गेलं. सचिवांनी तर त्यांचा हात दाबून सांगितलं, हेच सोसायटीच्या मासिकाच्या पुढच्या अंकासाठी लिहून द्या.

बाहेर केरबानं चहा हातात दिला. “दाजी, तुमी तर त्येला शिवी दिलीसा. मग टाळ्या कशाच्या?”

“या लोकांना शिवीसुद्धा लागत नाही, केरबा.” त्यांनी चहा तसाच बाजूला ठेवला. “पुढच्या रविवारपासून मी येणार नाही.”

“बेस,” केरबा बशीत फुंकर घालत म्हणाला. “अकराच वर्सं लागली. लवकर सुचलं.”