दोब्रिंकाची मोठी अक्षरं

मिंचोने माउस निसटत्या साबणासारखा मुठीत धरला आणि पडद्यावरची एकवीस पानं एका दमात निवडून निळी केली. उभ्या आयुष्यात एवढं काही त्याच्या हुकमात कधी आलं नव्हतं.

“आता?”

“वर बघा, बाबा. एक मोठं अक्षर आणि शेजारी एक लहान. तिथे दाबलं की यादी उघडेल. त्यातलं ‘वाक्याचं पहिलं मोठं, बाकी लहान’ ते घ्या.”

रादो खिडकीशी पडद्याकडे पाठ करून उभा होता.

“मग तूच कर की.”

“नको. झालं की हाक मारा.” त्याने सिगारेट उचलली आणि तो बाल्कनीत गेला.

मिंचोची बायको दोब्रिंका जाऊन आज चाळीस दिवस झाले होते. सकाळी कबरीवर वाइन ओतून झाली, साखर घातलेले उकडलेले गहू वाटून झाले. दारावर, लिंडनच्या झाडावर आणि बस थांब्यावर चाळिसाव्या दिवसाची नवी मृत्युसूचना चिकटवून झाली: काळी चौकट, फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत नाव. त्यांच्या सेवलिएवो गावात माणसाचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत दारावर लागतं, तेव्हा ते वाचायला तो घरात नसतो.

दोब्रिंकाने नगरपालिकेत तीस वर्षं या सूचनाच टाइप केल्या. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, पण हाताला मोठी, कॅपिटल अक्षरं लागली ती लागलीच. वाणसामानाची यादीसुद्धा तशीच. फ्रिजवरचं ‘लसूण, साबण, दोन किलो बटाटे’ लांबून पाहून शेजारच्या गिन्काने एकदा छातीवर क्रूस काढला होता आणि हळूच विचारलं होतं, “कधी गेले?”

दूर परदेशात, वालेन्सियात संत्र्यांच्या गोदामात काम करणाऱ्या लेकाला ती दर रविवारी पत्र लिहायची. एकाच फायलीत, एकाखाली एक. मग त्यातलं उचलून ईमेलने पाठवायची.

“दर वेळी छातीत धस्स व्हायचं,” रादोने आज कबरीवरून परतताना सांगितलं होतं. “वाटायचं, तुम्ही गेलात.”

“मी कशाला जातोय?”

“आणि खाली बघावं तर काय, बाबांनी छत्री हरवली! मार्चमध्ये मी चिडून फोन केला. म्हटलं, आई, ही पत्रं आहेत की मयताच्या चिठ्ठ्या? मोठ्या अक्षरांत ओरडू नकोस. त्यानंतरची मी उघडलीच नाहीत. तशीच पुसून टाकली.” मग दारावरच्या सूचनेसमोर तो थांबला. “आता वाचायचीत, बाबा. पण त्या अक्षरांत नको. त्या अक्षरांत तिचं नाव दारावर आहे.”

मिंचो सरकारी वजनकाटे तपासण्यात म्हातारा झालेला माणूस. शिक्का मारण्याआधी काट्याचा तळ बघायचा, ही जुनी खोड. बटण दाबण्याआधी तो पानं खाली सरकवत गेला. सतरा पानं भिंतीसारखी काळीभोर. अठराव्यावर त्याचा हात थांबला.

इथे अक्षरं लहान होती. वाकडीतिकडी नव्हती, कॉम्प्युटर कुणाला वाकडं लिहू देत नाही. पण ओळी तुटक होत्या आणि एके ठिकाणी तिच्या स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षरही लहानच राहून गेलं होतं. तारीख एप्रिलची. त्या फोननंतर पत्रं महिन्याला एकेकच होती.

‘प्रिय रादो, आता ओरडत नाही. वाचनालयातली मुलगी दर मंगळवारी शिकवते. घाबरला नाहीस ना?’

मंगळवारी ती केस करून घ्यायला जाते, अशी मिंचोची समजूत होती. केस केलेले कधी दिसले नाहीत. पण लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाल्यावर शहाणा माणूस बायकोच्या केसांबद्दल बोलत नाही.

मे महिन्यातलं: ‘मागचं मिळालं का? लहान होती ना अक्षरं?’

आणि जूनमधलं, शेवटचं: ‘तुझं उत्तर नाही. म्हणजे तुला अजून मोठीच दिसत असतील. मी आणखी सावकाश लिहीन.’

बाल्कनीत रादो खोकला.

मिंचोने एप्रिलच्या पत्रातल्या त्या ओळी निळ्या केल्या आणि पुसल्या. मग मे महिन्यातल्या. जूनच्या ओळीवर बोट बराच वेळ नुसतंच टेकून राहिलं. नंतर तीही गेली. तिन्ही पत्रांत आता चेरी उरल्या, गिन्काचा गुडघा उरला, गळका नळ उरला. मग त्याने सगळी पानं पुन्हा निळी केली आणि रादोने सांगितलेलं बटण दाबलं. भिंत विरघळली. सतरा पानं एकदम हळू आवाजात बोलू लागली.

“ये रे,” त्याने हाक मारली.

रादो वाचत बसला. छत्रीपाशी हसला. चेरींपाशी पान पुन्हा वर सरकवलं. शेवटच्या पानावर पोहोचायला त्याला तासभर लागला.

“शेवटपर्यंत मोठ्या अक्षरांतच लिहायची ना?” त्याने मान वर न करता विचारलं.

“शेवटपर्यंत,” मिंचो म्हणाला. “तुझी आई कधी कुणाचं ऐकायची का?”

“छे!” रादो म्हणाला आणि हसता हसता मनगटाने डोळे पुसू लागला.

मिंचोने फाइल बंद करायला घेतली. केलेले बदल कायम ठेवायचे का, असं कॉम्प्युटरने विचारलं. त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि ‘हो’ दाबलं.